काळ्या पाषाणातले स्फटिक: दगडखाणीची भिंत वाचायची कशी

पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर. या जिल्ह्यांत खडी क्रशरजवळ पडलेला डबराचा ढीग नीट पाहिला, तर काळ्या दगडात अडकलेला एखादा पांढरा, चकाकणारा तुकडा बहुधा दिसतोच. लोक त्याला सरसकट गारगोटी म्हणतात. कधी ती खरोखरच गार असते, म्हणजे क्वार्ट्झ. पण पुष्कळदा तो स्टिल्बाइट असतो, ह्युलँडाइट असतो, अपोफिलाइट असतो. लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेल्या अशाच खनिजांखाली आपल्या जिल्ह्यांची नावं लिहिलेली आहेत. त्याच जिल्ह्यांतल्या मुलांनी मात्र हे दगड कधी हातात घेतलेले नसतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

असे नमुने सापडणं हा नशिबाचा भाग आहे, असं अनेकांना वाटतं. नशीब थोडं लागतंच. पण खाणीच्या भिंतीत कोणत्या उंचीवर पोकळ्या असणार, त्यातल्या कोणत्या भरलेल्या असणार आणि कोणत्या भागात दिवसभर हातोडा मारूनही काही मिळणार नाही, हे खडक स्वतःच सांगत असतो. त्यासाठी तो तयार कसा झाला हे आधी समजून घ्यावं लागतं.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत बाहेर आला. एक लोंढा आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा आला. असे थरांवर थर चढत गेले. आज उरलेला हा प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि महाराष्ट्राचा जवळजवळ ८० टक्के भाग त्याखाली येतो. सह्याद्रीच्या कड्यांना दुरून ज्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. या खडकाचं नाव बेसाल्ट, आपला काळा पाषाण.

लाव्ह्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड असे वायू विरघळलेले असतात. लाव्हा उघड्यावर आला की दाब कमी होतो, वायू सुटतात आणि त्यांचे बुडबुडे वर चढू लागतात. पण लाव्ह्याची वरची बाजू आधीच थंड होऊन घट्ट झालेली असते, त्यामुळे ते तिथेच अडकतात. म्हणून प्रत्येक थराचा माथा पोकळ्यांनी भरलेला असतो. मधला भाग सावकाश थंड होतो, तोवर बुडबुडे वर निघून गेलेले असतात, म्हणून तो घट्ट आणि भरीव होतो. अगदी बुडाशी, काही थरांत, बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. त्यासुद्धा वायूच्याच वाटा. त्या एका बाजूला कललेल्या असतील, तर लाव्हा कुठल्या दिशेला वाहत होता याचाही अंदाज बांधता येतो.

विहिरी खोदणाऱ्यांना हे सगळं कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे. मधल्या घट्ट भागाला ते काळा पाषाण म्हणतात आणि पोकळ्यांत पांढरे ठिपके भरलेल्या खडकाला मांजऱ्या. दोन थरांच्या मधे कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा लागतो. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा पृष्ठभाग झिजून ती माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. स्फटिक शोधणाऱ्याला हा तांबडा पट्टा फार उपयोगाचा. त्याच्या लगेच खाली आधीच्या थराचा माथा असतो, म्हणजे पोकळ्यांची जागा.

सगळ्या थरांची ठेवण मात्र सारखी नसते. काही लोंढे एकसंध, वीस-तीस मीटर जाडीचे असतात. त्यात मधला भरीव भाग मोठा, क्रशरवाल्यांना तो आवडतो आणि आपल्याला त्यात फारसं काही मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात लाव्हा छोट्या छोट्या जिभांनी पुढे सरकलेला असतो. एका जिभेवर दुसरी, तिच्यावर तिसरी. प्रत्येक जिभेला स्वतःचा माथा, स्वतःच्या पोकळ्या. भिंतीत उशांसारखे फुगीर आकार एकमेकांवर रचलेले दिसले, तर तिथे थांबायचं.

पोकळी तयार झाली म्हणजे स्फटिक तयार झाले असं नाही. लाव्हा थिजला तेव्हा या पोकळ्या रिकाम्या होत्या. नंतर त्यावर आणखी थर चढले, खालचा खडक गाडला गेला, त्यातून पाणी झिरपत राहिलं आणि ते पाणी गरम होतं. गरम पाण्याने बेसाल्टमधली काचेसारखी, कच्ची द्रव्यं विरघळवली. त्यातून सिलिका, अॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम पाण्यात उतरलं. हे पाणी पोकळीत शिरलं, तिथलं तापमान आणि क्षार बदलले आणि भिंतीवर स्फटिक धरू लागले. हे एका फटक्यात झालेलं नाही. आपल्याकडच्या अपोफिलाइटचं वय अभ्यासकांनी मोजलं, तेव्हा काही ठिकाणी ते भोवतालच्या बेसाल्टपेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान निघालं. एकाच मुठीएवढ्या पोकळीत, आतल्या भिंतीपासून मध्यापर्यंत, काळाचा एवढा मोठा पल्ला साठलेला असू शकतो.

फुटलेली पोकळी हातात आली की बाहेरून आत बघत जायचं. खडकाला चिकटून बरेचदा एक पातळ हिरवट साल असते, ती सेलॅडोनाइट. त्यावर कधी कॅल्सेडनी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची गार, किंवा स्फटिकांच्या क्वार्ट्झचा थर. त्यावर ह्युलँडाइट आणि स्टिल्बाइट. सगळ्यात आत, मोकळ्या जागेत, अपोफिलाइट. कॅल्साइट मधेच कुठेही येतो, पण शेवटी येणं त्याला जास्त आवडतं. दर वेळी हाच क्रम असतो असं नाही, टप्पे गाळलेही जातात. तरी कोणता स्फटिक कोणाच्या पाठीवर बसला आहे, एवढं जरी बघितलं तरी आधी कोण आणि नंतर कोण हे कळतं. मला या छंदातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच वाटतो.

यातले स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, चाबाझाइट, लॉमोंटाइट हे सगळे झिओलाइट कुळातले. सिलिका आणि अॅल्युमिनाचा एक सांगाडा, त्यात अतिसूक्ष्म बोगदे आणि त्या बोगद्यांत पाण्याचे रेणू, अशी यांची रचना. तापवलं तर पाणी निघून जातं, आणि पुष्कळ झिओलाइटांत सांगाडा तसाच राहतो. बोगद्यांच्या या गुणाचा उपयोग उद्योगांनी करून घेतला. करोनाच्या काळात जे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरोघरी आले, त्यांत हवेतला नायट्रोजन धरून ठेवण्याचं काम कारखान्यात बनवलेला झिओलाइटच करतो. अपोफिलाइट मात्र दिसायला यांच्यातलाच वाटला तरी झिओलाइट नव्हे, त्याची रचना पापुद्र्यांची असते.

आता खाणीकडे. आत शिरण्याआधी समोरच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं राहून पूर्ण भिंत खालून वर बघावी. समजा, तळाशी राखाडी-काळा, उभ्या भेगांचा, भरीव दगड आहे. पंधरा-वीस फुटांवर दगडाचा रंग फिकट होतो, भेगा वेड्यावाकड्या होतात, पृष्ठभागावर पांढरे आणि हिरवट ठिपके दिसू लागतात. त्याच्या वर हातभर जाडीचा तांबडा पट्टा, आणि पट्ट्यावर पुन्हा भरीव दगड. म्हणजे आपल्याला हवी ती जागा तांबड्या पट्ट्याच्या खालचे काही फूट. तिथपर्यंत चढायचं नाही. सुरुंगाने पडलेल्या ढिगात त्याच फिकट, ठिपक्यांच्या दगडाचे तुकडे कुठे आहेत ते शोधायचं. काळ्या, भरीव दगडांवर वेळ घालवायचा नाही. ठिपके वाटाण्याएवढे असतील तर नमुना मिळणं कठीण, कारण लहान पोकळ्या बहुतेक पूर्ण भरून जातात. मूठभर किंवा त्याहून मोठी पोकळी असेल तरच आत मोकळी जागा राहते आणि स्फटिकांना टोकं फुटतात.

खाणीइतकीच चांगली जागा म्हणजे नवी विहीर. सुगी झाल्यावर, मार्च ते मे, गावोगावी विहिरींची कामं निघतात आणि यारीने वर काढलेला दगड काठावर रचला जातो. तो ताजा असतो, ऊन-पावसाने झिजलेला नसतो. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यात २००१ च्या सुमारास अशाच विहिरीच्या कामात गडद हिरव्या अपोफिलाइटचे गोळे निघाले. जगभरच्या संग्राहकांत ते आजही नावाजलेले आहेत. हिरव्या अपोफिलाइटसाठी त्याआधी नाशिकजवळच्या पांडवलेणी परिसरातल्या खाणींचं नाव होतं. हा हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूच्या अगदी किंचित अंशामुळे येतो.

व्हॅनेडियमचीच दुसरी करामत म्हणजे पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हन्साइट. गडद निळा, लहान लहान सुयांचे गोळे, बहुधा पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये आणि त्याचं वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झालं. तिथे ते अगदी थोडं होतं. पुढे वाघोलीच्या खाणींतून ते इतक्या प्रमाणात आणि इतकं देखणं निघालं, की आज कॅव्हन्साइट म्हटलं की जगाला वाघोलीच आठवते. त्याच्याच जोडीला, तीच रासायनिक घडण पण अणूंची वेगळी मांडणी असलेला पेंटागोनाइटही तिथे मिळाला.

मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे काही लाव्हा पाण्यात ओतला गेला होता, त्यामुळे खनिजंही निराळी. मालाड-कांदिवलीच्या जुन्या खाणींतून फिकट हिरवा प्रेहनाइट, पांढऱ्या मऊ केसांचे ओकेनाइटचे गोळे, गायरोलाइट, लॉमोंटाइट निघत असे. आता तिथे इमारती आहेत.

परवानगीबद्दल स्पष्टच सांगतो. खाण कोणाच्या तरी मालकीची किंवा पट्ट्याने घेतलेली असते. बेसाल्ट हे गौण खनिज आहे, १९५७ चा खाण-खनिज कायदा आणि महाराष्ट्राचे २०१३ चे गौण खनिज नियम त्याला लागू होतात. तेव्हा मालकाला किंवा मुकादमाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. बहुतेक वेळा सरळ बोललं की काम होतं. ‘दादा, तुमचं काम थांबवत नाही. पडलेल्या डबरात पांढरे दगड बघू का? सुरुंगाची वेळ कधीची आहे?’ हा शेवटचा प्रश्न विचारला, की समोरच्यालाही कळतं की माणूस अजाण नाही. लेणी, किल्ले आणि इतर संरक्षित स्मारकं १९५८ च्या कायद्याखाली येतात. अजिंठ्याच्या लेण्यांतही खडकात पांढऱ्या भरलेल्या पोकळ्या दिसतात, पण तिथे फक्त डोळ्यांनी बघायचं. अभयारण्यांत १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. लोणारचं विवर तर अभयारण्यही आहे आणि उल्काघाताचा दुर्मीळ पुरावाही, तिथला खडाही उचलू नये. डोंगरउतारावर नवं खणणं मला कुठेच मान्य नाही. खाणवाल्याने आधीच फोडलेला, क्रशरमध्ये जाऊन खडी होणारा दगड एवढा पडलेला असताना त्याची गरजही नाही. क्रशरच्या जबड्यातून जे वाचेल ते वाचवायचं.

धोके खरे आहेत. उभ्या भिंतीखाली कधीच बसायचं नाही. वरचे सुटे दगड सुरुंगाने हललेले असतात आणि दुपारच्या उन्हात, कोणी न हात लावता सुटून येतात. ढिगात रंगीत वायर किंवा न फुटलेल्या सुरुंगाचं काही दिसलं, तर हात न लावता मागे फिरायचं आणि मुकादमाला सांगायचं. चालू विहिरीत उतरण्याचा विचारही नको. हातोडा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, बेसाल्टची ढलपी काचेसारखी धारदार उडते. पावसाळ्यात खाणींत पाणी भरतं आणि भिंती ढिल्या होतात, त्या दिवसांत घरी बसून आधीचे नमुने धुवावेत.

ओळखायचं कसं? समजा हातात एक पारदर्शक, चौकोनी ठोकळ्यासारखा स्फटिक आला. नवख्याला तो काच, हिरा, गार काहीही वाटू शकतो. तो उजेडात हळूहळू फिरवा. चार उभ्या बाजू काचेसारख्या चमकतात, त्यांवर बारीक उभ्या रेघा दिसतात, पण वरचा सपाट पृष्ठ वेगळाच, मोत्यासारखा झळकतो. कोपरे तिरके छाटल्यासारखे. मग तो अपोफिलाइट. मोत्याची झळाळी येते कारण त्या दिशेने तो पापुद्र्यांनी सुटतो आणि उजेड आतल्या पापुद्र्यांवरून परततो. याच कारणाने तो धक्क्याने नेमका तिथेच चिरतो. सगळ्या बाजू सारख्याच चमकत असतील, तुटलेला कोपरा तिरप्या खोक्याचा असेल आणि चाकूने सहज ओरखडा उठत असेल, तर तो कॅल्साइट. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट फसफसतो. चाकूने काहीच होत नाही आणि उलट तोच काचेवर चरा पाडतो, तर ती गार.

स्टिल्बाइट मधे आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना फुललेल्या जुडीसारखा असतो, रंग पांढरा ते फिकट पिवळसर-गुलाबी. ह्युलँडाइटचे स्फटिक मधे रुंद, दोन्हीकडे निमुळते, आणि त्याच्याही एका पृष्ठावर मोत्याची झाक. एका बिंदूतून पसरलेल्या सुया दिसल्या तर स्कोलेसाइट, मेसोलाइट किंवा नॅट्रोलाइट. हे तिघे नुसत्या नजरेने वेगळे करता येतीलच असं नाही, आणि नमुन्यासोबत ठेवायच्या चिठ्ठीवर तसं लिहायला हरकत नाही. खात्री हवी असेल तर महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दाखवावं. खाणीवर जाण्याआधी चांगले नमुने एकदा डोळ्यांखालून घालायचे असतील, तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून यावं.

नमुना काढताना स्फटिकाच्या जवळ घाव घालणं ही सगळ्यात मोठी नासाडी. पोकळीच्या कडेपासून चांगलं वीतभर लांब, खडकावर छिन्नी लावायची आणि स्फटिक त्याच्या मूळ दगडासकट मोकळा करायचा. सुटा स्फटिक हा निम्मा नमुना, कारण तो कशावर वाढला हे गेलं. मऊ कागदात गुंडाळून, घट्ट बसेल असा डब्यात ठेवायचा. ओकेनाइटला मात्र कागदही लावू नये, केस एकदा चपटे झाले की पुन्हा उभे राहत नाहीत.

घरी आल्यावर साधं पाणी आणि मऊ ब्रश. सुयांचे आणि केसांचे नमुने ब्रशखाली घालायचे नाहीत, त्यांची धूळ फक्त फुंकून काढायची. हायड्रोक्लोरिक आम्लाने पांढरेपणा येतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कॅल्साइट त्यात विरघळतोच, पण स्कोलेसाइट, नॅट्रोलाइट यांचा त्यात चक्क चिकट लगदा होतो, अपोफिलाइटही खराब होतो. गरम पाणी, कडक ऊन दोन्ही टाळायचं. लॉमोंटाइट तर कोरड्या हवेतच पाणी सोडतो, पांढरा पडतो आणि काही महिन्यांत भुसभुशीत होऊन गळू लागतो. विकत घेताना गुलाबी-जांभळे ओकेनाइटचे गोळे दिसले, तर ते रंगवलेले आहेत एवढं लक्षात असू द्या. निसर्गात तो पांढराच असतो.

मी ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त जोर देईन ती म्हणजे चिठ्ठी. १९व्या शतकात भोर घाटातला रेल्वेमार्ग कोरताना आणि पुढेही आपल्याकडून झिओलाइटचे अप्रतिम नमुने युरोपात गेले. त्यांतल्या कितीतरी नमुन्यांवर फक्त ‘पूना’ लिहिलेलं असतं. घाटातलं की सिंहगडाच्या बाजूचं की आणखी कुठलं, आता कोणीच सांगू शकत नाही. आज बाजारात तोच प्रकार जळगावच्या नावाने चालतो, कारण तिथे व्यापार आहे. मालाडच्या खाणीत परत जाऊन बघणं शक्य नाही. वाघोलीही पुणे महापालिकेत आली आहे आणि खाणींच्या भोवती वस्ती दाटते आहे. अशा ठिकाणच्या दगडाची उरलेली ओळख म्हणजे तो उचलणाऱ्याने त्याच दिवशी लिहिलेली चिठ्ठी.

त्यात गाव, तालुका, जिल्हा लिहावा. खाण की विहीर, शक्य तर फोनवरचे अक्षांश-रेखांश. दगड थराच्या माथ्यातला वाटला की मधला, तांबड्या पट्ट्याच्या वरचा की खालचा. सोबत कोणती खनिजं होती आणि कोण कोणावर वाढलं होतं. तारीख. भिंतीचा एक फोटो, त्यात प्रमाणासाठी हातोडा. कागद आणि दगड यांची पुढेमागे ताटातूट होतेच, म्हणून नमुन्याच्या मागच्या बाजूला, खडकावर, पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका द्यावा, तो वाळला की त्यावर काळ्या पक्क्या शाईने क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत उतरवावा.